पेशकाराच्या डोळ्यांतली नीळ

त्याच्या डोळ्यांत नीळ चढली की आमच्या घरात सगळे हळू बोलू लागत. सापाला आपलं बोलणं ऐकू येत नाही हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. पण तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी आम्ही हळूच बोललो असतो, कारण ते हळू बोलणं सापासाठी नव्हतंच, ते अण्णांसाठी होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. औरंगपुऱ्यातल्या एका अरुंद बोळात, बांगड्यांच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांच्यावर पत्र्याची एक माडी. माडीवर अण्णा आणि साप राहत. खालच्या खोल्यांत आई, माझी मोठी बहीण शांताक्का आणि मी. पहाटेची आंघोळ सोडली तर अण्णा खाली उतरत नसत. साप उतरू नये म्हणून जिन्याच्या तोंडाशी आम्ही एक फळी आडवी लावून ठेवत असू. ती फळी नेमकी कुणासाठी आहे, असा विचार मी त्या काळात बरेचदा केला.

पोलीस ॲक्शनच्या कितीतरी आधीपासून अण्णा तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून, होते. घरात आम्ही मराठीच बोलायचो, पण अण्णांचं लिहिणं, वाचणं, इतकंच काय मनातल्या मनात पुटपुटणंसुद्धा उर्दूत चालायचं. त्यांचं अक्षर पाहायला म्हणे हैदराबादेहून आलेले अधिकारी मुद्दाम मिसल, म्हणजे प्रकरणाची फाईल, उघडून बसत. मग राज्य बदललं. गल्लीत पेढे वाटले गेले, अण्णांनीही वाटले. रझाकारांच्या दिवसांत आईनं आक्काला धान्याच्या कणगीमागं लपवून ठेवलं होतं, ते काही ते विसरले नव्हते. पण कचेरीतला कागद हळूहळू मराठी आणि इंग्रजी होत गेला, आणि अण्णांना मराठी लिहायचं म्हणजे पाटीवर गिरवणाऱ्या पोरासारखं एकेक अक्षर जुळवावं लागे. बाहेरून बदलून आलेल्या एका तरुण साहेबानं त्यांचा मसुदा सगळ्यांसमोर वर धरला आणि विचारलं, "हे तुमच्या नातवानं लिहिलं का?" अण्णांना नातू नव्हता, आणि तशी त्यांची चाळिशी नुकतीच उलटली होती. त्यांनी मसुदा परत मागून घेतला, नीट घडी करून खिशात ठेवला आणि नोकरी सोडली.

सोडली त्या दिवशी कचेरीत जुनी दफ्तरं हलवायचं काम चाललं होतं. एका रुमालात बांधलेल्या गठ्ठ्यामागून साप निघाला आणि शिपाई काठ्या घेऊन धावले. अण्णांनी आपलं उपरणं त्याच्यावर टाकलं, उपरण्यासकट त्याला उचललं आणि दौत, टाक, पानाचा डबा ज्या पिशवीत घातला होता त्याच पिशवीत घालून घरी आणलं. आई चूल सारवत होती. अण्णा म्हणाले, "नोकरी सोडली. आणि हे आमचे पेशकार." साहेबापुढं कागद मांडणाऱ्या कारकुनाला पेशकार म्हणत. आईला वाटलं कुणी पाहुणे आलेत, म्हणून तिनं पदर सावरला. मग पिशवी हलली. "अगंबाई! अहो, हे काय आणलंत?" म्हणत ती जी मागं सरकली ती चुलीतल्या राखेत बसली. हा प्रसंग आक्का पुढं नेहमी रंगवून सांगायची आणि आम्ही हसायचो, पण त्या दिवशी कुणीच हसलं नाही.

तो साप तपकिरी होता, हातभर लांबीच्या दोन काठ्या जोडाव्यात एवढा. पुढच्या अर्ध्या अंगावर काळे पट्टे आणि त्यांत पांढरे ठिपके, मागच्या अर्ध्यावर शेपटीपर्यंत गेलेल्या दोन गडद रेघा. त्याला तस्कर म्हणतात हे मी पुढं पुस्तकात वाचलं. बिनविषारी असल्याचा आमच्याकडं पुरावा एवढाच, की तो अण्णांना एकदा चावला आणि अण्णांना काही झालं नाही. अण्णांनी चहाच्या लाकडी खोक्याला दुधाच्या कपाटाची जुनी जाळी ठोकली, आत एक वीट, मातीचं खोलगट परळ आणि गोणपाटाचा तुकडा ठेवला. दुपारी पत्रा तापला की ते खोक्याजवळ बसून त्याच्याशी उर्दूत बोलत. फार अदबीनं बोलत. "पेशकारसाहब, आज मिजाज कैसे हैं?" खाली पोळ्या लाटताना आक्काचं लाटणं थांबायचं. आई तिच्याकडं बघायचीही नाही.

आता कायद्यानं घरात साप पाळता येत नाही, आणि ते फार बरं झालं. माझी नात परवा म्हणाली, "आजी, किती मजा असेल ना तुझ्या घरी!" मी हो म्हटलं. तिला काय सांगणार, की मजा होती ती पहिल्या महिन्याभराची. त्यानंतर पाणीवाली वर यायची बंद झाली. आईच्या माहेरचे लोक दारातूनच बोलून जायला लागले. आईनं मुलींच्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम धरलं. ती सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची, अंगाला फोडणीचा वास घेऊन. आक्का लग्नाची झाली होती. "शांतानं वर जायचं नाय," असं आईनं बजावलं होतं. सापाजवळ वावरणारी पोरगी अशी बोलवा झाली तर तिला कोण करून घेणार? मग अण्णांना जेवण नेणं, पाणी नेणं, सापाचं परळ धुणं आणि धान्याच्या दुकानांतून पिंजऱ्यात अडकलेले उंदीर मागून आणणं हे सगळं माझ्याकडं आलं. मी सातवीत होते. "थोडे दिवस शाळा राहू दे, अण्णा सावरले की जा," आई म्हणाली. अण्णा सावरले नाहीत. त्यांनी माडीच्या लाकडी जमिनीवर काठी आपटायची सवय लावून घेतली. तहान लागली, काठी. पान हवं, काठी. पेशकारांनी कूस बदलली, काठी. शाळा आमच्या मागच्याच गल्लीत होती. मधल्या सुट्टीची घंटा झाली की पोरींचा गलका भिंतीवरून आमच्या मोरीत उतरायचा, आणि बहुतेक वेळा त्याच सुमाराला वरून ठोके पडायचे. खालच्या बांगडीवाल्याची बायको, तिला आम्ही खालाबी म्हणायचो, दुकानातून ओरडायची, "अगे कुसुम, अब्बा की काठी बज रई, जा ऊपर!" मनानं फार चांगली बाई. ईदेला आमच्यासाठी शेवया, खोबरं, साखर सगळं कोरडंच पाठवायची, आमच्या घरातलं सोवळं सांभाळून. पण तिची ती हाक ऐकली की मला रडू यायचं.

पहिल्यांदा नीळ चढली तेव्हा आम्हाला वाटलं, साप मरतोय. आधी त्याचा रंग उतरला. अंगावरची चकाकी गेली, पट्टे पुसट झाले, जणू कुणी त्याच्यावर पिठाचा हात फिरवला होता. मी दिलेल्या उंदराकडं त्यानं पाहिलंही नाही. दुसऱ्याच दिवशी पोटाकडचे मोत्यासारखे पांढरे खवले गुलाबीसर दिसायला लागले. तो विटेमागं गेला तो तिथंच वेटोळं घालून राहिला, आणि हात जवळ नेला तर मान फुगवून अंगावर येऊ लागला. एरवी गरीब जनावर. मग एका सकाळी डोळे गेले. काळेभोर मणी होते तिथं निळसर दुधाचे दोन थेंब. धुतलेल्या कपड्यांना आई ज्या पाण्यात बुचकळायची तसला तो रंग, म्हणून मीच म्हटलं, "अण्णा, ह्याच्या डोळ्यांत नीळ चढली." अण्णा दिवसभर जेवले नाहीत. खोक्याला पाठ टेकून बसून राहिले. "आंधळे झाले बिचारे," एवढंच म्हणाले. गेल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, धुरकट केव्हापासून दिसायला लागलं? मला त्या क्षणी अण्णांचा तो चेहरा आठवला.

मग काही दिवसांनी नीळ आपोआप उतरली. डोळे लख्ख. अण्णांनी वरूनच आईला ओरडून सांगितलं, कचेरीत बढती मिळाल्यासारखं. पण अंग अजून मळकटच होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो बाहेर आला, सगळ्या खोक्यात अस्वस्थ फिरू लागला, नाकाडं विटेवर घासू लागला. ओठांवरची कातडी सुटली, मागं वळली, आणि उशीचा अभ्रा उलटा करत काढावा तशी ती अख्खी कात त्याच्या अंगावरून मागं मागं गेली. आतून निघालेला साप इतका ताजा दिसत होता की माझ्या तोंडून "अय्या!" निघून गेलं. कातीच्या तोंडाशी डोळ्यांच्या जागी दोन इवल्या पारदर्शक टिकल्या होत्या. अण्णांनी त्या मला उजेडात धरून दाखवल्या. त्या दुपारी आम्ही दोघं खूप हसलो. मला वाटतं त्या माडीवरची माझी सगळ्यांत चांगली दुपार तीच.

त्यानंतरच्या वेळी ऐन वैशाख होता. पत्रा भाजत होता, आणि कात तुकड्यातुकड्यांनी फाटली. एका डोळ्यावरची टिकली तशीच चिकटून राहिली. पेशकार एका बाजूनं आंधळेच फिरत होते. मी गोणपाट ओलं केलं, तो त्यात शिरून बसला, आणि मग ओल्या फडक्यातून मी त्याला हळूहळू सरकू दिलं तेव्हा टिकली निघाली. त्यानंतर सगळ्या खुणा मला पाठ झाल्या. रंग विटला की गोणपाट भिजवायचं. पोट गुलाबी झालं की उंदीर आणायचा नाही. नीळ चढली की हात लावायचा नाही, खोकं हलवायचं नाही. नीळ उतरली की जाळीला दोरी बांधून घ्यायची, कारण आता तो स्वस्थ बसणार नाही. एकदा तर जाळी उचकटून तो थेट जिन्यातून खाली आला होता आणि आक्काच्या वेणीच्या आगवळाशेजारी जाऊन पडला होता. "कुसुमला सगळं कळतं," अण्णा कौतुकानं म्हणायचे. त्या कौतुकानंच माझा घात केला. ज्या घरात मला कळतं ती एकच गोष्ट साप आहे, त्या घरातून मला कोण बाहेर सोडणार होतं? दुसरा जून आला. माझ्या वर्गातल्या पोरी नव्या वह्यांना कव्हरं घालून मागच्या गल्लीतून गेल्या. मी मोरीत परळ धूत होते.

आक्काला बघायला पाहुणे येणार असा निरोप आला तो शिमगा होऊन गेल्यावर. जालन्याची मंडळी, मुलगा शाळामास्तर. मध्यस्थानं आदल्या दिवशी संध्याकाळी दारातूनच सांगितलं, "उद्या सकाळच्या गाडीनं येतील, दुपारी जेवून परततील." आईचे डोळे भरून आले, कारण आधीची दोन स्थळं सापाचं कानावर गेल्यावर फिरकलीच नव्हती. ह्या लोकांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. रात्रीच तिनं पुरणाची डाळ निवडायला घेतली. मी तिला म्हटलं, काळजी करू नको, पेशकारांच्या डोळ्यांत नीळ आहे, ते हलायचे नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पाणी घेऊन वर गेले, तर खोक्यातून दोन काळेभोर, स्वच्छ डोळे माझ्याकडं बघत होते. तो विटेमागं दडून असल्यानं नीळ कधी उतरली ते मला कळलंच नव्हतं. अंग मळकट, नाकाडं जाळीला लागलेलं.

मी खाली आले. "आई, नीळ उतरली. तो आज फिरणार."

आईच्या हातात पुरणयंत्र होतं. ते तिनं खाली ठेवलं आणि माझ्याकडं पाहत राहिली. "आजच?"

"आज नाय तर उद्या. जाळी काही धरत नाही आता, तारा सुटल्यात."

आई त्या माडीवर सहसा जात नसे. त्या दिवशी फळी ओलांडून ती वर गेली, मी मागं. अण्णा उठून बसले. आई म्हणाली, "एक दिवस. फक्त आजचा एक दिवस ह्याला घेऊन कुठंतरी जा."

"मी बाहेर जात नाही," अण्णा म्हणाले. "तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. मग पाहुण्यांना मी तसंच सांगते. मुलीचे वडील वर आहेत, सापाजवळ बसलेत, बाहेर जात नाहीत. सांगू?"

आईचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच मी घाबरले. अण्णांनी खुंटीवरची शेरवानी काढली. कचेरी सुटल्यापासून ती तिथंच होती. खांद्यांवर धुळीची जाड रेघ बसली होती. ती झटकताना ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "कुसुम, पिशवी घे. तुझ्याशिवाय तो येणार नाही." तो, की तुम्ही, असं मला विचारावंसं वाटलं. मी फडकं ओलं करून पिशवीत घातलं, त्याला हलक्या हातानं आत सोडलं, तोंड बांधलं. बोळात खालाबी दुकानाच्या फळ्या काढत होती. तिनं अण्णांना पाहिलं आणि हातातली फळी तशीच धरून उभी राहिली. "सलाम, साब," एवढंच म्हणाली. तेवढ्यानंसुद्धा अण्णांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता मागं वळतात. मी त्यांची बाही धरली.

मोटारीच्या अड्ड्यावर देवगाव रंगारीची गाडी उभी होती. दौलताबादपर्यंत जाऊ, तिथं किल्ल्याच्या पायथ्याशी दगडांत बसू, संध्याकाळी परत येऊ, असं अण्णांनी ठरवलं. गाडी भरगच्च. मला खिडकीशी जागा मिळाली, पिशवी मांडीवर, अण्णा शेजारी, आणि त्यांच्या पलीकडं एक शेतकरी येऊन टेकला, डोक्याला लाल पटका. मिटमिट्याच्या पुढं गेल्यावर तो अण्णांची शेरवानी निरखायला लागला. मग म्हणाला, "सायब, तुमी जुन्या कचेरीतले का?"

अण्णांनी शेरवानीचं वरचं बटण लावलं.

"न्हाई, इचारलं. माझ्याजवळ एक कागद हाय. आज्याच्या टायमाचा. बांधावरच्या आंब्यापायी भावकीत भांडान लागलंय. सगळ्या औरंगाबादेत हिंडलो, कुणी वाचून दीना. नवी पोरं म्हणत्यात आमाला हे येत न्हाई."

त्यानं बंडीच्या आतून एक पिवळा पडलेला कागद काढला आणि अण्णांच्या गुडघ्यावर ठेवला. अण्णांनी तो लगेच उचलला नाही. दोन बोटांनी कडा सारखी केली, आणि मग वाचायला लागले. आधी मनात, मग मोठ्यानं. किती दिवसांनी मी त्यांचा तो आवाज ऐकला! सापाशी बोलतानाचा नव्हे, कचेरीतला, छाती भरून निघणारा. एक ओळ उर्दूत वाचायची, तिचा अर्थ मराठीत सांगायचा. गाडीतली चार माणसं वळून ऐकायला लागली. आणि नेमकं तेव्हाच माझ्या मांडीवरची पिशवी चालायला लागली. तो नाकाडं घासत होता. कापडातून मला ते माझ्या गुडघ्यावर जाणवत होतं, एकदा इकडून, एकदा तिकडून, ठाम आणि चिवट. गाठ नीट आहे ना? कापड विरलेलं आहे का? समोरच्या बाईच्या मांडीवर तान्हं मूल होतं. मला ओरडायचं होतं, उतरायचं होतं. पण ओरडले असते तर अण्णांचं वाचणं थांबलं असतं, आणि गाडीतल्या लोकांनी आम्हाला कुठं उतरवलं असतं कोण जाणे. मी दोन्ही हातांनी पिशवी दाबून धरली आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. मला आठवतं, त्या वेळी मी आयुष्यात पहिल्यांदा इतकी रागावले होते, आणि राग कुणावर ते मला नेमकं माहीत होतं.

शेतकऱ्याचं लक्ष गेलंच. "पोरी, पिशवीत काय हाय गं? लई वळवळायलंय."

अण्णांनी कागदावरून नजर न काढता सांगितलं, "पेशकार आहेत."

"व्हय का," शेतकरी म्हणाला, आणि मोठी माणसं चेष्टेनं बोलतात तसं समजून हसला. अण्णांनी कागदाची घडी करून परत दिली. "आंबा तुमचाच आहे. झाड आणि त्याच्या सावलीची जमीन, दोन्ही. कुणाला पटलं नाही तर माझ्याकडं आणा." मग त्यानं पत्ता विचारला, आणि अण्णांनी सांगितला. सांगून झाल्यावर तेच जरा दचकल्यासारखे झाले.

दौलताबादेला उतरून आम्ही तटाच्या कडेकडेनं चालत गेलो. लोकांचा वावर संपला तिथं एका पडक्या बुरुजाखाली सावली होती. मी तिथं बसून गाठ सोडली. कात ओली राहावी म्हणून फडक्यावर आणखी पाणी शिंपडणार होते, पण त्याला धीर नव्हता. तो बाहेर आला, दगडांच्या सांदीत तोंड खुपसलं, एकदा घासलं, आणि ओठांवरची कात सुटली. आम्ही दोघं बाप-लेक उन्हाची तिरीप चुकवत बसून पाहत होतो. दगडाच्या धारेला कात अडकून राहिली आणि तो तिच्यातून पुढं पुढं येत गेला, सलग, कुठंही न फाटता. माडीवर इतकी चांगली कात त्यानं कधीच टाकली नव्हती. आधी पट्टे बाहेर आले, मग ठिपके, मग त्या दोन रेघा, नुकत्याच ओढल्यासारख्या.

अण्णा पुटपुटले, "सुभानल्ला."

मी म्हटलं, "अण्णा, आता ह्याला इथंच सोडा."

"इथं? कचेरीत वाढलेला हा. ह्याचं कसं व्हायचं इथं?"

"मग मला सोडा."

ते माझ्याकडं वळले. "तुला कुणी धरलंय?"

"तुम्ही," मी म्हटलं. मला थांबता येईना. "दिवसभर काठी वाजवता तुम्ही. मी शाळेत जायचे, अण्णा. माझा नंबर वरचा यायचा. मला आता पाढेसुद्धा आठवत नाहीत. तुम्हाला तो साहेब हसला म्हणून तुम्ही वर जाऊन बसलात, आणि मला घेऊन बसलात. मला कोण हसलं होतं?"

असं मी कधी बोलले नव्हते, आमच्या घरात त्यांच्याशी कुणीच बोललं नव्हतं. अण्णांचा हात गुडघ्यावर होता तिथंच राहिला. ते काही म्हणणार, तेवढ्यात कातीचं शेवटचं टोक सुटलं आणि पेशकार निघाले. नव्या अंगानं साप किती चपळ होतो हे मला ठाऊक होतं, त्यांनाही होतं. तटाच्या भिंतीत हातभर अंतरावर एक भोक होतं आणि तो सरळ तिकडं चालला होता. "कुसुम, धर!" अण्णा ओरडले. नेहमी मीच धरायचे. माझा हात त्यांच्यापेक्षा जलद होता. शेपटीकडून अलगद उचलायचं, मधोमध दुसरा हात द्यायचा. मी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर बसून राहिले. डोकं आत गेलं, मग ते सगळं लांबट अंग, घाई न करता. अण्णा उठले तेव्हा बाहेर शेपटीची दोन बोटं उरली होती. त्यांनी वाकून हात पुढं केला, पण धरलं नाही. नाही धरलं, की धरायला जमलं नाही, ते मला तिथून दिसलं नाही.

संध्याकाळच्या गाडीनं घरी पोचलो तर पाहुणे आक्काला पसंत करून गेले होते. आई आनंदानं काहीतरी सांगायला पुढं झाली आणि तिनं माझ्या हातातली रिकामी पिशवी पाहिली. "कुठाय?" तिनं विचारलं. अण्णा म्हणाले, "गेले." मला वाटलं होतं ती देवाला साखर ठेवील. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि अण्णांकडं पाहून हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून तिनं त्यांच्यासाठी झाकून ठेवलेली पुरणपोळी तव्यावर टाकली. अण्णा वर गेले नाहीत. चुलीशेजारी पाटावर बसून जेवले, आम्हा सगळ्यांच्या बरोबर.

एवढ्यानं सगळं फिरलं असं मात्र झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून काठी वाजली नाही, तरी मी शाळेत गेले नाही. आक्काच्या लग्नाचे पापड होते, कुरडया होत्या, आणि ती सासरी गेल्यावर तिची सगळी कामं माझ्यावर पडली. अण्णा माझ्याशी बोलत नव्हते. रागावूनही बोलत नव्हते. मी ताट ठेवलं की जेवायचे, मी पाठ वळवली की पाणी घ्यायचे. त्या काही आठवड्यांत मला पेशकाराची जी आठवण आली ती मी कुणाला सांगितली नाही. रिकामं खोकं मीच एके दिवशी जळणाला फोडलं. मग एका दुपारी लाल पटकेवाला शेतकरी बोळात आला, ओच्यात शेंगा आणि सोबत दोन माणसं, दोघांच्या हातांत जुने कागद. खालाबीच्या नवऱ्यानं दुकानापुढची फळी मोकळी करून दिली आणि अण्णा खाली जाऊन बसले. त्यानंतर लोक येतच राहिले. कन्नडहून, वैजापुराहून, कुठून कुठून. नव्या राज्यात जुनी अक्षरं वाचणारा माणूस सगळ्यांनाच लागत होता, आणि ते आमच्या घरात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

जूनमध्ये अण्णाच शाळेत जाऊन आले. काय बोलले, कुणाशी बोलले, मला माहीत नाही. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, "सोमवारपासून त्या जातील." आईनं विचारलं, "त्या कोण?" अण्णांनी माझ्याकडं बोट केलं.

तेव्हापासून ते मला "तुम्ही" म्हणू लागले. कुसुमबाई, जेवलात का? कुसुमबाई, अभ्यास झाला का तुमचा? आक्काला मरेपर्यंत "तू" होतं, मला कधीच नाही. माझं लग्न झालं, मी शिक्षिका झाले, त्यांच्या शेवटच्या आजारात मी त्यांना चमच्यानं पाणी पाजायची, तेव्हासुद्धा ते म्हणायचे, "बस करा आता, थकाल." हा मान होता की शिक्षा होती, मला आजवर ठरवता आलेलं नाही. कधी एक वाटतं, कधी दुसरं. त्या पहिल्या सोमवारी मी जिना उतरले तेव्हा ते दुकानापुढच्या फळीवर बसले होते, समोर चार-पाच माणसं, हातात कागद. माझा परकर आखूड झाला होता आणि वर्गात सगळ्या पोरी माझ्याहून लहान असणार होत्या. अण्णांनी वाचणं थांबवलं. लोकांच्या देखत ते फळीवरून किंचित उठल्यासारखे झाले, साहेब आला की कचेरीत उठत असत तसे.

"निघालात?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "येते, अण्णा."